कर्करोगाच्या विषाणूचा माग काढणारे पेटन राऊस

कर्करोगाची गाठ विषाणूमुळेही होऊ शकते, हे प्रयोगाने दाखवून देणारे अमेरिकी रोगविज्ञानी फ्रान्सिस पेटन राऊस यांना त्या शोधाबद्दलचे नोबेल पारितोषिक मिळण्यास ५५ वर्षे लागली. १९६६ मध्ये ते स्वीकारताना त्यांचे वय ८७ होते.

५ ऑक्टोबर १८७९ रोजी बाल्टिमोर येथे त्यांचा जन्म झाला. जॉन्स हॉपकिन्स येथे वैद्यकशास्त्र शिकत असताना शवविच्छेदन करताना त्यांना क्षयाची बाधा झाली आणि वर्षभर शिक्षण थांबले. १९०९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले. तेथे प्लायमाउथ रॉक जातीच्या एका कोंबडीच्या छातीवरील गाठ त्यांच्या हाती आली. त्यांनी ती कुटून, पेशी व जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून तिचा अर्क काढला आणि निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तशाच गाठी आल्या. १९११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, पण कोंबडीच्या आजाराचा मानवाशी काय संबंध, अशा शंकेने ते दुर्लक्षिले गेले. उंदरांवरील प्रयत्नही फसल्याने राऊस रक्त टिकवण्याच्या संशोधनाकडे वळले. त्यांनी सिद्ध केलेले सायट्रेट व शर्करेचे मिश्रण पहिल्या महायुद्धात आघाडीवरील जखमींसाठी वापरले गेले. हे एकच कार्य कोणाच्याही कीर्तीस पुरेसे ठरले असते.

१९३४ च्या सुमारास रिचर्ड शोप यांनी सशांतील चामखीळ निर्माण करणारा विषाणू त्यांच्याकडे सोपवला आणि राऊस पुन्हा जुन्या वाटेवर आले. जनुकांतील बदलांमुळे कर्करोग होतो, हा सिद्धांत मात्र त्यांनी अखेरपर्यंत मान्य केला नाही.

१६ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्याच विषाणूचा एक उत्परिवर्तित प्रकार स्टीव्हन मार्टिन यांनी वेगळा केला. जास्त तापमानात तो वाढत असे, परंतु पेशींना कर्करोगी करू शकत नसे. वाढ आणि कर्करोग या दोन गोष्टी विषाणूच्या जनुकांत वेगळ्या असल्याचे त्यातून दिसले. 'सार्क' नावाचे ते कर्करोगी जनुक मुळात कोंबडीच्या निरोगी पेशींतूनच विषाणूत आल्याचे मायकेल बिशप व हॅरॉल्ड वार्मस यांनी १९७६ मध्ये दाखवले. राऊस यांनी नाकारलेल्या सिद्धांताला असे त्यांच्याच विषाणूने बळ दिले.

शोप यांचा सशांतील विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातील मानवी पॅपिलोमा विषाणूचे आज दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. बहुतेक निरुपद्रवी आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सुमारे ७० टक्के प्रकरणे त्यांतील १६ व १८ या दोनच प्रकारांमुळे होतात आणि प्रतिबंधक लशींचा पहिला रोखही त्यांच्यावरच आहे.