अबुल फजलच्या वहीतून सुटलेले पान

अकबराचा इतिहासकार अबुल फजल काही काळ आमच्या जालन्यात राहिला होता, असे जुन्या गॅझेटियरमध्ये वाचले, तेव्हापासून मी त्याला गाववालाच मानतो!

१५५१ साली आग्र्यात जन्मलेल्या या पंडिताने ‘आईन-ए-अकबरी’त काय टिपले नाही? मुदपाकखाना, अत्तरे, फळांचे भाव, विड्याच्या पानांच्या जातीसुद्धा. तंबाखूचे पान मात्र त्यात नाही. १६०२ मध्ये, दख्खनहून परतताना, शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंह बुंदेल्याने त्याला ठार केले.

पुढे त्याचाच जुना सेवक असद बेग अकबराच्या चाकरीत विजापूरला गेला. १६०४च्या सुमारास परतताना त्याने तंबाखू आणि रत्नजडित चिलीम आणली. बादशहाने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली, असद बेगने वाद घातला. अकबराने ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली. सलीम जहांगीर झाला आणि १६१७ मध्ये त्याने तंबाखूवर बंदी घातली. लोकांनी ती मानली नाही.

धनी आणखी दोन वर्षे जगता, तर या पानाची जात, चव, भाव, सारे आपल्याला कळले असते. ती हकीकत शेवटी चाकराने लिहिली. लिहिण्याची सवय तेवढी धन्याकडून आली असावी, असे मला वाटते.