शंकराच्या नावाने कारभार

आमच्या नियतकालिकाच्या कन्नड विभागात कित्तूरच्या राणी चन्नम्मांवर दरवर्षी एक तरी लेख असतोच. यंदा मराठी विभागासाठी मी अहिल्याबाई होळकरांवर लिहिणार म्हटल्यावर, कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हा विषय कुठून सुचला, असे एका मित्राने विचारले. खरे सांगायचे तर जमाखर्चामुळेच सुचला.

देवावर भार टाकायचा म्हणजे हात जोडून स्वस्थ बसायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अहिल्याबाईंचे चरित्र वाचताना ती टिकत नाही. १७२५ साली चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांच्या घरी सून म्हणून आल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी विनवून परत फिरविले आणि दौलतीच्या कामाला लावले. तोफा, दारूगोळा, रसद यांची व्यवस्था ते पत्रांतून त्यांच्यावर सोपवीत. १७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव गेला.

अशा वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले. बाईंची शंकरावर श्रद्धा होतीच, पण त्यांनी फौज सज्ज केली, इतर सरदारांकडे मदतीची पत्रे धाडली आणि थोरल्या माधवरावांकडे दाद मागितली. माधवरावांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. सैन्य तुकोजी होळकरांकडे राहिले, कारभार बाईंकडे आला.

राज्य त्यांनी शंकराला अर्पण केले, असे म्हणतात. हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घातले जाई. मला यात हिशेबाची शिस्त दिसते. मालक देव, आपण त्याचे मुनीम! मुनिमाला मालकाच्या तिजोरीत हात घालता येत नाही. काशीविश्वनाथ, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर, गयेचे विष्णुपद, अगदी आपल्या जवळचे गोकर्णसुद्धा, अशा ठिकाणी त्यांनी जी मंदिरे, घाट आणि धर्मशाळा उभ्या केल्या, तो खर्च मुख्यतः खासगीतून झाला. ही खासगीची जहागीर पेशव्यांनी १७३४ मध्ये त्यांच्या सासूबाई गौतमाबाईंना दिलेली होती. तिचा हिशेब सरकारी खजिन्यापासून वेगळा असे. भांडवल आणि उचल यांतला फरक आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, तो त्या काळच्या किती राजांना ठाऊक होता कोण जाणे.

सर जॉन माल्कमने एक हकीकत नोंदविली आहे. इंदूरचा देवीचंद नावाचा धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. त्याच्या संपत्तीत वाटा मिळावा असे तुकोजींच्या मनात आले. सावकाराची विधवा महेश्वरला बाईंकडे धावली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन घरादाराची एकटी मालकीण ठरविले आणि तुकोजींना इंदुरापासून तळ हलविण्याचा हुकूम पाठविला. तुकोजींनी तो मानला. विधवेच्या घरावर डोळा ठेवणारे काय करतात, हे बाईंना स्वानुभवाने माहीत होते.

पण देवाने त्यांचे घर राखले नाही. मुलगी मुक्ताबाईचा मुलगा तरुणपणीच गेला होता. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. बाईंनी मुलीच्या पायांवर लोळण घेऊन विनवणी केली. सासऱ्याने सुनेला परत फिरविले होते, आईला मुलीला फिरविता आले नाही. राणी असून त्यांनी हुकूम काढून तिला अडविले कसे नाही, हा प्रश्न मला सुटत नाही. त्या चितेपर्यंत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी शब्द बोलल्या नाहीत.

मग त्यांनी मुलीचे स्मारक बांधायला घेतले. महेश्वरचा कारभार १३ ऑगस्ट १७९५ ला त्यांचा देह पडेपर्यंत चालूच होता.