कोसबाडचे बिऱ्हाड

बँकेत असताना बदलीचा हुकूम आला की माझी पहिली चौकशी असायची, परत कधी येता येईल? अनुताई वाघांचे चरित्र वाचले आणि त्या चौकशीची लाज वाटली.

१९१० साली मोरगावला जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. अशा मुलीचे आयुष्य तेव्हा माजघरातच सरायचे. अनुताई मात्र शिकल्या, पुण्यात शिक्षिका झाल्या. १९४५ साली ताराबाई मोडकांसोबत त्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ साली डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर. बिऱ्हाड हलले ते कायमचेच.

वारल्यांची मुले शाळेत यायची कशी? कोणाला गुरे राखायची असत, कोणाच्या कडेवर धाकटे भावंड. मग शाळाच त्यांच्या अंगणात गेली, गुरांमागून कुरणातही गेली. भावंडांसाठी शाळेलगत पाळणाघर निघाले.

१९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. ते वय आम्हा नोकरदारांचे पेन्शन मोजण्याचे. त्या मात्र कोसबाडच्याच राहिल्या, १९९२ साली डोळे मिटेपर्यंत. परतीची चौकशी त्यांनी केलीच नसावी.