रात्री फुलणारे झाड

दिवसा पाहावे तर खरखरीत पानांचे साधे झुडूप. पण सूर्य मावळला की ते पांढऱ्या फुलांनी भरून जाई, परिमळ दूरवर पसरे आणि उजाडताच झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असे. गोव्यातील या झाडाने गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचे लक्ष वेधून घेतले. तो ज्या ग्रीक वैद्यांचे ग्रंथ शिकला होता, त्यांना हे झाड ठाऊकच नव्हते.

ऑर्ता हा सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगालमध्ये जन्मला. त्याचे आईबाप मूळचे यहुदी. त्यांना सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले होते. स्पेनमध्ये वैद्यक शिकून तो इ. स. १५३४ मध्ये गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने औषधोपचार केले आणि तेथील हकिमांशी वादही केले. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते.

पोथीत नसलेल्या वनस्पतीची ओळख पटवायची कशी? ऑर्ता झाड स्वतः पाही, हुंगे, चाखे आणि मग इथल्या लोकांना विचारी. येथील वैद्य आणि व्यापारी यांच्याकडून त्याने एकेका वस्तूची निरनिराळ्या भाषांतील नावे मिळवली. त्या झुडपाचे नावही त्याला असेच कळले : पारिजातक. फुलाच्या केशरी देठांनी अन्नाला रंग देतात, हे त्याने टिपून ठेवले. सूर्यावर प्रेम करून निराश झालेल्या कन्येच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून ते सूर्याचे तोंड पाहत नाही, ही लोककथाही त्याने सोडली नाही. शास्त्राच्या ग्रंथात कथेला जागा देणारा हा वैद्य रसिक खराच!

इ. स. १५६३ मध्ये त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला गेला. छपाईच्या चुका इतक्या झाल्या की शुद्धिपत्रच अनेक पानांचे झाले. तरी चार वर्षांत त्याचा लॅटिन संक्षेप युरोपात निघाला.

झाडांची खरी ओळख जगाला सांगणाऱ्या या माणसाच्या घराण्याची ओळख मात्र धोक्याची होती. इ. स. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय आले. १५६८ मध्ये ऑर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ऑर्ताची हाडेही उकरून जाळली गेली.

पारिजातकावरील प्रकरणाला ऑर्ताने ‘दुःखी वृक्ष’ असे नाव दिले होते. इ. स. १७५३ मध्ये लिनियसने या झाडाला शास्त्रीय नाव दिले, ‘निक्टँथस आर्बर-ट्रिस्टिस’. त्यातील शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ तोच आहे.