डोंगर न चढलेला पास्कल

ब्लेझ पास्कलचा जन्म १६२३ साली फ्रान्समधल्या क्लेर्मों गावी झाला. तीन वर्षांचा असतानाच आई गेली. वडिलांनी घरीच शिकवलं. त्यांचे करवसुलीचे हिशेब सोपे व्हावेत म्हणून विशीच्या आसपास त्याने बेरजेचं यंत्र बनवलं. तब्येत मात्र कायम तोळामासा.

त्याच सुमारास इटलीत तोरिचेल्लीने पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. पारा थोडा उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. बाहेरच्या हवेचं वजन त्याला तोलून धरतं, असं तोरिचेल्लीचं म्हणणं. पण हवेला कसलं आलंय वजन? अनेक विद्वानांना ते पटेना.

पास्कलने साधा विचार केला. डोंगरावर गेलो तर डोक्यावरची हवा कमी, मग पाराही उतरायलाच हवा! क्लेर्मोंजवळ प्युय द दोमचा डोंगर होता. पास्कल मात्र दूर पॅरिसमध्ये, आजारी. त्याने मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, फ्लोरँ पेरियेला, पत्र लिहिलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिये नळी घेऊन डोंगर चढला. माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर खाली आला. खाली गावात एक मठवासी दुसऱ्या नळीवर दिवसभर लक्ष ठेवून होता. तिच्यातला पारा जागचा हलला नाही. शंकेला जागाच उरली नाही.

१६६२ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी, पास्कल गेला. आज वादळाच्या बातमीत हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात. ते नाव त्याचंच, घरात बसून डोंगराला प्रश्न विचारणाऱ्याचं.