फादर डेमियन : पाईपलाईन टाकणारा संत

संत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? डोक्यामागे तेजाचं वलय, अर्धवट मिटलेले डोळे आणि आशीर्वादाचा हात. आमच्या कॉन्व्हेंटच्या जिन्यात अशा फ्रेम्सची रांगच होती. एक फोटो मात्र वेगळा होता. डोक्यावर गोल हॅट, चेहरा सुजलेला, गाठी आलेला आणि एक हात गळ्यातल्या झोळीत. लहानपणी आम्ही मुली त्याला घाबरायचो. मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टरनी त्याची गोष्ट सांगितली, पण ती शाळकरी गोष्ट होती. इंजिनिअरिंगला आल्यावर त्याच्याबद्दल नीट वाचलं आणि पहिल्यांदा जाणवलं, अरे, हा तर आपल्यातला माणूस! याच्या हातात जपमाळेइतकीच करवत आणि हातोडीही असायची.

जोसेफ द व्हस्टर हे त्याचं मूळ नाव. जन्म ३ जानेवारी १८४०, बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावचा. घरचा शेतीचा आणि धान्याचा व्यवसाय. पोराने धंदा सांभाळावा ही वडिलांची इच्छा. (ओळखीचं वाटतंय ना?) पण मोठा भाऊ धर्मगुरूंच्या एका संघात गेला होता, त्याच्या मागोमाग १८५९ मध्ये हाही गेला. तिथल्या वरिष्ठांना वाटलं की याचं शिक्षण कमी, याला काही फादर होणं जमायचं नाही. मग भावाकडून हा लॅटिन शिकला आणि त्यांना आपलं मत बदलायला लावलं. संघात त्याचं नाव पडलं डेमियन. पुढे भावाची नेमणूक हवाई बेटांवर झाली, पण ऐनवेळी तो तापाने आडवा झाला. डेमियनने परस्पर सर्वात वरच्या अधिकाऱ्याला पत्र टाकलं की त्याच्याऐवजी मला पाठवा. मधल्या साहेबांना बायपास करण्याची ही सवय त्याला आयुष्यभर राहिली आणि तिचा त्रासही त्याला आयुष्यभर झाला.

१९ मार्च १८६४ रोजी तो होनोलुलुला उतरला. दोनच महिन्यांनी त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पुढची नऊ वर्षं मोठ्या बेटावरच्या खेड्यापाड्यांतून फिरत, लोकांची भाषा शिकत आणि स्वतःच्या हाताने लहान लहान चर्च बांधत गेली. हा भाग मी पटकन उरकते, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

त्या काळात हवाईत कुष्ठरोग झपाट्याने पसरत होता. १८६५ मध्ये राजाने कायदा केला आणि १८६६ पासून रोग्यांना मोलोकाई बेटाच्या उत्तर टोकाला नेऊन सोडायला सुरुवात झाली. जागा अशी निवडली होती की तुरुंगाच्या भिंती बांधायची गरजच नव्हती. तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला सुमारे दोन हजार फुटांचा सरळसोट कडा. आपल्यातल्या ज्यांनी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलाय त्यांनी तो आठवावा, फक्त खाली रानाऐवजी एक सपाट जिभेसारखी जमीन आणि सभोवती खवळलेला समुद्र. नवऱ्याला बायकोपासून आणि पोराला आईपासून तोडून बोटीत घालायचे. तिथे धड डॉक्टर नाही, घरं म्हणजे गवताच्या झोपड्या. इथे कायदा चालत नाही, असं नव्या माणसाला उघड सांगितलं जायचं. दारू, जुगार, दुबळ्यांची लूट, सगळं होतं. मेलेल्याला पेटीसुद्धा नाही, उथळ खड्डा करून पुरायचं. मला विचाराल तर त्यांचं वागणं समजू शकतं. ज्याला उद्या नाही असं जगाने ठरवूनच टाकलंय, त्याने कशासाठी नीट वागायचं?

तिथे आळीपाळीने तीन-तीन महिने जाण्यासाठी बिशपनी चार फादर निवडले. पहिली पाळी डेमियनची. १० मे १८७३ रोजी रोगी आणि गुरं एकत्र भरलेल्या बोटीतून ते कालावाओला उतरले, वय ३३. पहिल्या रात्री राहायला घर नव्हतं म्हणून चर्चशेजारच्या केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली झोपले. दुसरी पाळी कधी आलीच नाही. ते तिथेच राहिले, सोळा वर्षं.

आता मुद्द्याचं. धर्म पसरवायला आलेला माणूस म्हटलं की तो प्रवचनं देईल, पुस्तकं वाटेल असं आपल्याला वाटतं. ते काम डेमियननीही केलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ते मिशनरी होते, बाप्तिस्मे झाले की त्यांना आनंद व्हायचा आणि प्रोटेस्टंट मंडळींशी त्यांची चुरसही होती. पण आल्याबरोबर त्यांनी हाती घेतलेली कामं बघा. स्मशानाला कुंपण घातलं. खोल कबरी खणल्या. मेलेल्यांसाठी लाकडी पेट्या स्वतः ठोकायला सुरुवात केली, अशा शेकडो पेट्या त्यांनी पुढे केल्या. माणूस मेल्यावर त्याला कुत्र्यासारखं पुरणार नाहीत, एवढी खात्री जिवंत माणसाला मिळाली की त्याचं जगणं बदलतं. हे प्रवचनातून सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.

मग पाणी. लोक जुन्या तेलाच्या डब्यांतून पाणी खांद्यावरून लांबून आणायचे. बोटं झडलेल्या माणसाने भरलेला डबा कसा आणायचा? आमच्या ब्लॉकचा पंप दोन दिवस बंद पडला तेव्हा दोन बादल्या तिसऱ्या मजल्यावर नेताना आमचे हाल झाले होते, आणि आम्हाला दहाही बोटं आहेत. पाणी नाही म्हणून जखमा धुवायच्या नाहीत, कपडे धुवायचे नाहीत, आणि मग त्या वासाने जवळ कुणी जायचं नाही. १८७३ च्या उन्हाळ्यात सरकारने पाईप पाठवले. डेमियन सोबतीला माणसं घेऊन वाइहानाऊच्या दरीत वर चढत गेले आणि तिथे त्यांना एक गोल नैसर्गिक डोह सापडला, साधारण ७२ बाय ५५ फूट आणि खोली अठरा फूट. त्यांनी मोजमाप घेतलं होतं हे मला फार आवडलं! पाईपलाईन पडली आणि वस्तीत पाणी आलं. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, उंचावर उगम, खाली वस्ती, पंपाची गरजच नाही.

१८७४ च्या हिवाळ्यात वादळाने बऱ्याच झोपड्या पाडल्या. डेमियननी आरोग्य मंडळामागे तगादा लावून लाकूड मिळवलं आणि जमिनीपासून उचललेली लाकडी घरं उभी राहिली. ज्या रोग्यांच्या हातात थोडी ताकद होती त्यांना सुतारकामाला घेतलं. अनाथ मुलामुलींना आपल्या घराशेजारी ठेवलं. पोरांचा बँड काढला. चर्चच्या ऑर्गनवर दोघे मिळून बसायचे, म्हणजे दोघांची मिळून दहा बोटं भरायची, असं सांगतात.

यात सर्वात वादाची गोष्ट म्हणजे स्पर्श. रोग्यांना हात लावू नका, त्यांच्यात जेवू नका, अशी त्यांना वरून ताकीद होती. डेमियन जखमा बांधायचे, अळकुड्यांची पोई एकाच भांड्यातून बोटांनी खायचे, आपला तंबाखूचा पाईप दुसऱ्याला द्यायचे. सुरुवातीला त्यांनाही किळस आली होती. वास सहन न होऊन मिस्सा चालू असताना बाहेर हवेत जाऊन यावं लागायचं, आणि तंबाखू ओढायला लागले तेही त्या वासावर उपाय म्हणून. एक प्रसिद्ध कथा अशी आहे की रोग झाल्यावर एका रविवारी त्यांनी नेहमीच्या ‘बंधूंनो’ऐवजी ‘आपण कुष्ठरोगी’ अशी सुरुवात केली. कथा परिणामकारक आहे, पण त्यांच्या भावाला लिहिलेल्या पत्रावरून दिसतं की ते आले त्याच वर्षीपासून असं म्हणत होते, धडधाकट असताना! मला ही खरी हकीकत कथेपेक्षा मोठी वाटते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत जो फरक आहे तो हवाईयन भाषेतही आहे, इंग्रजीत नाही. तिथल्या लोकांना तो कानाला लगेच कळला असणार.

एकटेपणा किती होता याचा एक प्रसंग. १८७३ मध्येच सरकारने त्यांना वस्ती सोडायला बंदी केली. त्यांचे वरिष्ठ बोटीने भेटायला आले तर कप्तान त्यांना उतरू देईना आणि डेमियनना वर चढू देईना. मग डेमियन होडीत उभे राहिले आणि सगळ्यांदेखत, फ्रेंचमध्ये, ओरडून आपला पापस्वीकार केला.

१८८४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी पाय गरम पाण्यात घातले. फोड आले, पण दुखलं नाही. त्याचा अर्थ त्यांना लगेच कळला. रोगाचा जंतू नॉर्वेत हॅन्सेननी शोधला तो १८७३ मध्येच, म्हणजे डेमियन मोलोकाईला गेले त्याच वर्षी, पण औषध यायला १९४० चं दशक उजाडलं. आज बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो आणि बहुतेकांच्या शरीरात त्याला मुळातच प्रतिकारशक्ती असते. डेमियनच्या वेळी हे काहीच माहीत नव्हतं. उलट, हा अनैतिक वागण्याचा रोग आहे असं चांगले शिकलेले लोक म्हणत.

मग एवढी जवळीक हा वेडेपणा होता का? वर्कशॉपमध्ये सेफ्टी शूजशिवाय आत न सोडणाऱ्या कॉलेजात हा प्रश्न पडायलाच हवा. कारण १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये मदर मॅरियन कोप आपल्या सिस्टर्सना घेऊन तिथे आल्या, हात धुण्याची कडक शिस्त त्यांनी पाळली, आणि त्यांच्यातल्या एकीलाही रोग झाला नाही. म्हणजे काळजी घेऊनही सेवा करता येत होती. माझं मत असं, की १८७३ मध्ये हातमोजे घालून लांबून बोलणाऱ्या माणसाचं तिथे कुणी ऐकलंच नसतं. सात वर्षं सगळ्यांनी लांबूनच तर पाहिलं होतं. पण एकदा विश्वास बसल्यावर डेमियननी स्वतःला जरा सांभाळलं असतं तर काही बिघडलं नसतं, असंही वाटतं.

स्वभावाने ते सोपे नव्हते. तापट, हट्टी, कपड्यांबाबत अजागळ, सहकारी फादरशी भांडण, वरिष्ठांशी भांडण, सरकारशी तर कायमचंच. तरी माणसं ओढली गेली. अमेरिकन यादवी युद्धातला माजी सैनिक जोसेफ डटन १८८६ मध्ये मदतीला आला आणि १९३१ मध्ये मरेपर्यंत त्या कामातच राहिला. लंडनच्या एका अँग्लिकन पाद्र्याने, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या माणसाने, त्यांच्यासाठी पैसे जमवून पाठवले. माझ्या घरी गणपती बसतो आणि माझा धर्म बदलायचा काही विचार नाही, पण या माणसाचा देवावर विश्वास नसता तर तो तिथे सोळा वर्षं टिकला असता का, याचं उत्तर मला ‘नाही’ असंच द्यावं लागतं. हे मला कुठल्याही प्रवचनाने पटवलं नव्हतं.

१५ एप्रिल १८८९ रोजी ते गेले, वय ४९. पहिल्या रात्री ज्या झाडाखाली झोपले होते तिथेच त्यांना पुरलं. त्याच वर्षी होनोलुलुतल्या हाइड नावाच्या प्रोटेस्टंट पाद्र्याने पत्रात लिहिलं की हा माणूस गबाळा होता, उद्धट होता आणि चारित्र्यानेही धड नव्हता. त्यावर ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८९० मध्ये जाहीर उत्तर दिलं. स्टीव्हन्सन कॅथलिक नव्हता. डेमियनच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच त्या वस्तीत राहून, लोकांना विचारून आला होता. गबाळेपणा, हट्ट सगळं त्याने मान्य केलं, चारित्र्याचा आरोप मात्र उडवून लावला, आणि हाइडला विचारलं की डेमियन तिथे मरत असताना तुम्ही कुठे होतात.

१९३६ मध्ये बेल्जियमने त्यांचा देह मायदेशी नेऊन लूवेन शहरात ठेवला. मोलोकाईच्या लोकांना ते मुळीच रुचलं नाही. सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा हवाईत १९६९ मध्ये संपला, तरी अनेक रोगी बरे होऊनही तिथेच राहिले, कारण तेच त्यांचं गाव होतं. १९९५ मध्ये पोपनी डेमियनना धन्य घोषित केलं, २००९ मध्ये संत. १९९५ मध्येच बेल्जियमहून त्यांचा उजवा हात मोलोकाईला परत पाठवण्यात आला आणि कालावाओच्या त्या जुन्या कबरीत पुरला गेला.