नळदुर्गात रमलेला टेलर

लातूरहून निघालेला प्रवासी औशाचा भुईकोट किल्ला पाहून नैर्ऋत्येकडे वळला, की त्याच दिवशी नळदुर्गच्या तटापाशी पोहोचतो. बोरी नदीने दोन बाजूंनी वेढलेले काळ्या पाषाणाचे पठार, त्याच्या कड्यावर उभे राहिलेले बुरूज आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नदीवर बांधलेल्या धरणाच्या पोटातील पाणीमहाल, असे या दुर्गाचे वैभव आहे. पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ या सांडव्यांवरून पाणी कोसळू लागले, की महालाच्या सज्जासमोर पाण्याचा पडदा उभा राहतो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी या दृश्याच्या प्रेमात पडून त्याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवणारा एक इंग्रज अधिकारी याच किल्ल्यात राहत होता. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ साली, व्यापारी पेढीत नोकरीसाठी तो मुंबईत उतरला. ती पेढीच डबघाईला आलेली निघाली. एका नातलगाच्या खटपटीने त्याला निजामाच्या सेवेतील लष्करात जागा मिळाली आणि त्याची पावले औरंगाबादेकडे वळली. कंपनी सरकारच्या बड्या अधिकाऱ्यांचा मान त्याला कधीच मिळाला नाही. मात्र याच नोकरीने त्याला मराठवाड्याच्या गावागावांतून हिंडवले. येथील भाषा त्याने शिकून घेतल्या आणि लोकांशी दुभाष्यावाचून बोलण्याची सवय त्याने जन्मभर सोडली नाही.

नांदेडपासून जवळच असलेल्या हिंगोलीच्या छावणीत त्याला एक विलक्षण अनुभव आला. १८३२ च्या सुमारास ठगांची धरपकड सुरू झाली, तेव्हा छावणीच्या बाजारातील एक प्रतिष्ठित व्यापारी ठगांचा म्होरक्या असल्याचे उघड झाले. त्या व्यापाऱ्याशी खुद्द टेलरचाही व्यवहार होता. ठगांच्या या जगातूनच ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही त्याची कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने इंग्लंडमधील वाचकांना वेड लावले.

पुढे कृष्णेच्या खोऱ्यातील शोरापूर संस्थानाचा कारभार त्याच्याकडे आला. तेथील राजा व्यंकटप्पा नायक अल्पवयीन होता. टेलरने संस्थानाची घडी बसवली आणि त्या पोरवयाच्या राजाला मुलासारखे वाढवले. राजाही त्याला ‘अप्पा’ म्हणत असे. राजा चोविसाव्या वर्षी जाईल, असे भविष्य त्याच्या जन्माच्या वेळी वर्तवले गेले होते आणि ते टेलरच्या कानावर आले होते. १८५३ साली राज्य राजाच्या हाती सोपवून टेलर निघाला.

त्याच वर्षीच्या तहाने निजामाचा नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात आला आणि टेलर तेथे प्रमुख अधिकारी म्हणून दाखल झाला. किल्ल्यातच त्याने बिऱ्हाड थाटले. दिवसा जमीनमोजणी, रस्ते आणि फिर्यादी, तर सवड मिळेल तेव्हा चित्रांची वही, असा त्याचा क्रम होता. धरणातील त्या दालनात बसून पाण्याचा लोंढा पाहणे हा त्याचा आवडता विरंगुळा. शेजारच्या तुळजापूरच्या देवळाभोवतीचे जीवनही त्याने याच काळात जवळून पाहिले.

१८५७ चा वणवा पेटला, तेव्हा त्याला हाती फौज नसताना वऱ्हाडात पाठवण्यात आले. तेथे त्याने शांतता राखली. शोरापूर मात्र त्याच्या हातून निसटले. १८५८ साली राजाने बंड केले, तो पकडला गेला आणि त्याला देहान्ताची शिक्षा झाली. ती कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. परंतु कैदेकडे जाताना पहिल्याच मुक्कामावर पिस्तुलाची गोळी लागून राजाचा अंत झाला. भविष्य खरे ठरले, आणि एक अधिकारी व एक पालक यांच्यातील दुवा कायमचा तुटला. त्याच शोरापुरात पुन्हा अधिकारी म्हणून बसण्याची वेळ टेलरवर आली.

प्रकृती ढासळल्याने १८६० साली टेलर मायदेशी परतला. त्याच वर्षी नळदुर्ग जिल्हाही निजामाकडे परत गेला. टेलरच्या मनातून मात्र ही भूमी गेली नाही. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरची ब्राह्मणकन्या आहे आणि कथेला पार्श्वभूमी अफझलखानाच्या स्वारीची आहे. चांदबीबीवरील ‘अ नोबल क्वीन’ त्याच्या मृत्यूनंतर १८७८ साली प्रसिद्ध झाली. दृष्टी जवळपास गेलेली असतानाही १८७५ साली सालारजंगाच्या निमंत्रणावरून तो हैदराबादेस येऊन गेला. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील मेंतों येथे १३ मे १८७६ रोजी त्याचे निधन झाले.

टेलर हा परक्या सत्तेचा सेवक होता, हे विसरून चालणार नाही. शोरापूरच्या तरुण राजाची शोकांतिका त्याच सत्तेच्या छायेत घडली. तरीही पडक्या तटांमध्ये त्याने नुसते सुंदर दृश्य पाहिले नाही. तेथे नांदलेल्या माणसांची सुखदुःखे पाहिली. औसा, कंधार वा नळदुर्ग येथे धावती भेट देऊन परतणाऱ्या आजच्या प्रवाशाने त्याच्याकडून घ्यावी ती हीच दृष्टी. पाणीमहालाच्या सज्जात थोडा वेळ शांत बसले, की ती आपोआप लाभते.